सात वह्या, सतरा बैठका

*"माझे वय ६८. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आई कुर्डीची. साळावली धरणात गाव गेले तेव्हा आजोळची माणसे वालकिणीला आली. आई आता नाही. गेली १४ वर्षे मी त्या गावावर ओवीबद्ध काव्य लिहिते आहे. ३,४०० ओव्या झाल्या, दोनशेपानी सात वह्या भरल्या. दर मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीला जाऊन येते, की आणखी वीस-तीस ओव्या वाढतात, त्यामुळे संपतच नाही. एका प्रकाशकांना दाखवले. ते म्हणाले, ८०० ओव्यांवर आणा, कोकणी शब्द काढा आणि दीड लाख रुपये भरा. मुलगा म्हणतो, रोज एक ओवी फोनवरून लोकांना पाठव. घरचे म्हणतात, एवढे मोठे आता कोण वाचणार? मी काय करू? सोबत ६० ओव्या पाठवत आहे."*
*— एक वाचक, सांगे तालुका*

ताई,

तुमच्या साठ ओव्या मी दोनदा वाचल्या. एकदा रात्री, जेवणे आटोपल्यावर, मनातल्या मनात. दुसऱ्यांदा सकाळी, घरात कोणी नसताना, मोठ्याने. मोठ्याने वाचताना समोर घड्याळ ठेवले होते. साठ ओव्यांना बारा मिनिटे लागली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री ज्या ओव्या मला एकसारख्या वाटल्या होत्या, त्यांतल्या काही सकाळी जिभेवर अडखळल्या आणि काहींनी मलाच थांबवले. ही एक:

आई दाखवी, ही चूल
हा उंबरा, हे पाऊल
गुरांची इथे चाहूल
यायची तिन्हीसांजा

इथे मी थांबले. चिखलाने भरलेल्या जोत्यावर उभी राहून एक म्हातारी लेकीला घर दाखवते आहे. चुलीपासून सुरुवात, मग उंबरा, मग गोठा. यमकाच्या तीन शब्दांबरोबर आपणही आतून बाहेर येतो. आणि शेवटी 'यायची'. त्या एका क्रियापदात धरण आले, गाव आले, मधली सगळी वर्षे आली. ही ओवी ज्या बाईने लिहिली तिला कविता येते. याबद्दल तुमच्या मनात शंका असेल तर ती आजच काढून टाका.

आता ही दुसरी, तुमचीच:

मे महिन्याच्या उन्हात
धरणाच्या त्या पात्रात
उभी राहिले चिखलात
शोधीत आईचे घर

उन्हात, पात्रात, चिखलात. मराठीत कितीतरी नामांना 'आत' लावला की यमक जुळते, म्हणून ते फुकटचे यमक. एका ओवीत खपून जाते. पण तुम्ही पाठवलेल्या साठांपैकी एकोणीस ओव्यांची यमके अशी विभक्तीवर उभी आहेत. आणि 'धरणाच्या त्या पात्रात' यातला 'त्या' हा भरीचा शब्द. अक्षरे भरायला आलेला. छोट्या कवितेत भरीचा शब्द एकदाच बोचतो. ३,४०० ओव्यांत ऐकणाऱ्याचा कान तिसऱ्या पानावर ताल ओळखतो, दहाव्या पानावर पुढचे यमक आधीच म्हणून टाकतो, आणि विसाव्या पानावर त्याचे लक्ष अंगणातल्या कोंबड्यांकडे जाते. मी या ओव्या दुरुस्त करून देणार नाही, ते काम तुमचेच. पण ते वही समोर घेऊन एकटीने होणार नाही, हे मला तुम्हाला सांगायचे आहे.

तुम्ही प्रकाशकाकडे गेलात. माझ्या मते ती पायरी नंतरची होती. आधी वालकिणीला जायला हवे होते.

हे मी माझ्या अनुभवावरून म्हणते. १९९०च्या दशकात मी एक दीर्घकाव्य लिहिले. आमच्या गावची खाडीकाठची खाजनशेती, भरतीच्या रात्री फुटलेला बांध, वाहून गेलेली मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार, खारट झालेली शेते. सहा वर्षे लिहीत होते. कोणाला वाचून दाखवले नाही. छापूनच दाखवायचे असे मनात होते. स्वतःचे पैसे घालून एका छापखान्यात छापून घेतले. पाने २०८, प्रती हजार. प्रकाशनाचा कार्यक्रम झाला, भाषणे झाली, चार परीक्षणे आली, चारही चांगली.

बांधणीत एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, मागेपुढे झाला होता. ११२ पानानंतर एकदम १२९, मग १४४ नंतर ११३. सगळ्या हजार प्रतींत. हे मला कळले दोन वर्षांनी. कळवले कोणी, तर आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने, ज्याचा उभा जन्म त्या बांधावर चिखल घालण्यात गेला. त्याला वाचता येत नव्हते. त्याची मुलगी त्याला रोज संध्याकाळी चार पाने वाचून दाखवत होती. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "बांद फुटचे पयलीं नुस्तें शेतांत कशें आयलें?" बांध अजून फुटायचा आहे आणि मासळी शेतात पोचली कशी? मुलगी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी पाने मोजली.

ज्यांनी परीक्षणे लिहिली त्यांना हे दिसले नाही. मलाही दिसले नाही, कारण छापील पुस्तक मी सलग वाचलेच नव्हते. ज्याने ऐकले त्याला कळले. त्या दिवसापासून लांब कवितेबद्दल मला जे काही वाटते ते या एका गोष्टीवर उभे आहे. त्या हजारातल्या सहाशेहून अधिक प्रती माझ्या माळ्यावर राहिल्या आणि आपल्याकडच्या पावसाने आणि वाळवीने त्यांचे काय केले ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आपल्या भाषेत लांब काव्य हा प्रकार कधी एकट्याने, एका दमात, मुकाट वाचायचा नव्हताच. पोथी लावायची, एक अध्याय वाचायचा, आरती करायची, उठायचे. श्रावणात तुमच्याही घरी हेच झाले असेल. 'ज्ञानेश्वरी'च्या ओव्या ९,०००च्या घरात आहेत, पण ऐकणारा कधी ९,०००ला सामोरा जात नाही. तो आजच्या अध्यायाला सामोरा जातो. आणि ते अध्याय सारखे नाहीत. बारावा अडीचशेच्या आत संपतो, अठरावा अठराशेच्या वर जातो. जिथे विषयाला जागा हवी तिथे ती घेतली, नको तिथे आवरले. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिले आहे की सातही वह्यांत मिळून एकही प्रकरण पाडलेले नाही, सलग लिहिले आहे. कोण वाचणार, हा तुमच्या घरच्यांचा प्रश्न मला लांबीचा वाटत नाही. बसायला आणि उठायला जागाच ठेवलेली नाही, ही अडचण आहे.

आपल्या गोव्यातच पाहा. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहायला घेतली. एकोणीस अध्याय, ओव्या तीन हजारांवर. म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच काम. पुढे ९० वर्षांनी, १६१६ साली, राशोलच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ११,०००च्या आसपास ओव्या लिहून गेला. ते पुराण रविवारी आणि सणावारी देवळांत, म्हणजे इगर्जींत (चर्चमध्ये), लोकांसमोर वाचले जायचे. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मध्ये १६८४ साली इथल्या भाषेच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज सरकारचा हुकूमही निघाला. तरी काव्य राहिले, कारण ऐकणाऱ्यांनी ते हाताने उतरवून घेतले होते, आणि इथून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या वह्या जपल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापून निघाले. छापखान्यातले गेले आणि कानातले उरले. गाव सोडून गेलेल्या माणसांनी ते उरवले, ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता घड्याळाकडे येऊ. बारा मिनिटांत साठ, म्हणजे मिनिटाला पाच ओव्या. चाळीस मिनिटांत दोनशे. चाळीस मिनिटे माणूस बसतो. त्यापुढे कोणाला गोळी घ्यायची असते, कोणाची बस असते. ३,४०० भागिले २००, सतरा. तुमचे काव्य सतरा बैठकांचे आहे. मी हा हिशोब केला तेव्हा मला बरे वाटले, तुम्हालाही वाटेल. सात वह्या डोंगरासारख्या दिसतात; सतरा संध्याकाळी दिसत नाहीत.

तर आधी हे करा. सातही वह्या एकदा सलग वाचा, पेन न घेता, आणि जिथे तुम्हाला स्वतःला उठावेसे वाटेल तिथे नुसती कागदाची पट्टी घाला. तिथे प्रकरण संपते. दोनशेची जागा कुठे एकशेवीस होईल, कुठे तीनशे, होऊ द्या. प्रत्येक प्रकरणाला एक जागा किंवा एक माणूस असू द्या: सोमेश्वराचे देऊळ, व्हाळ म्हणजे ओढा, आजोबा, सामान ट्रकात चढवले तो दिवस. ऐकणाऱ्याला घरी जाताना सांगता आले पाहिजे, की आज व्हाळाचे वाचले.

मग वालकिणीला चार घरांतली माणसे एका सोप्यावर जमवा. सहा-सात पुरे. वाडे वसाहतीतलीही कुर्डीची माणसे बोलवा. पावसाचे दिवस या कामाला चांगले, शेतकामाचा रेटा गेला की संध्याकाळी लोक घरात असतात. चहा, चणे, जे असेल ते. तुम्ही वाचा आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जिथे कोणी खुर्ची सरकवेल, जिथे कुजबुज सुरू होईल, जिथे तुमची स्वतःची जीभ अडखळेल, तिथे समासात एक रेघ. जिथे कोणी "नाही गो, ते झाड देवळाच्या डाव्या अंगाला होते" म्हणेल, तिथे फुली. जिथे सगळे गप्प होतील तिथे काही करू नका. दोन महिन्यांनी सतरा बैठका झाल्या की तुमच्या वह्यांच्या समासात असा संपादक उभा राहिलेला असेल, जो पैसे मागत नाही आणि ज्याला कुर्डीची प्रत्येक पायवाट ठाऊक आहे.

एक धोका आहे, तोही सांगते. ही माणसे तुमच्या प्रेमाची आणि गावाच्या दुःखाची आहेत, ती रडतील. रडणे म्हणजे ओवी चांगली असे धरून चालू नका. कुर्डीचे नुसते नाव घेतले तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. म्हणून सतरापैकी दोन-तीन प्रकरणे अशा लोकांसमोरही वाचा ज्यांनी कुर्डी पाहिलेली नाही. जवळच्या वाचनालयात विचारा, मडगावला गोमंत विद्या निकेतनात विचारा, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलवा. त्यांना ते घर दिसले, तर ते ओवीने दाखवले.

८०० ओव्यांबद्दल. कापाकाप करावी लागेल, यात मला शंका नाही. माझ्या अंदाजाने चारशे-पाचशे ओव्या तुम्ही स्वतःहून काढाल, एकच उन्हाळा तीनदा आला आहे तिथल्या, आणि 'काय सांगू, किती सांगू' छापाच्या सगळ्या. पण ८०० हा आकडा कवितेतून आलेला नाही, तो कागदाच्या हिशोबातून आलेला आहे. तो हिशोब तुम्हीही शिकून घ्या, म्हणजे कोणी तो तुमच्यावर लादणार नाही.

डेमी आकाराच्या पानावर साधारण ३० ओळी बसतात. एक ओवी चार ओळींत मांडली आणि खाली एक ओळ मोकळी सोडली, तर पानावर सहा ओव्या. ३,४०० ओव्यांना सुमारे ५७० पाने, म्हणजे १६ पानी ३६ फर्मे. तीच ओवी दोन ओळींत मांडली, दोन चरण एका ओळीवर, आणि खाली मोकळी ओळ ठेवली, तर पानावर दहा. ३४० पाने, २२ फर्मे. शब्द एकही कमी न करता चौदा फर्मे वाचले. जुन्या पोथ्यांसारखी मोकळी ओळही काढली तर २४० पानांत बसेल, पण त्याने डोळे थकतात, ते मला पटत नाही. मधली मांडणी धरा. कापाकाप झाल्यावर ती तीनशे पानांवर येईल, आणि तीनशे पानांचे काव्य आपल्या भाषेत काही नवलाईचे नाही.

कोकणी शब्दांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. प्रकाशकांनी 'कुळागर' काढून 'बाग' घालायला सांगितले, असे तुम्ही लिहिता. बाग म्हटले की डोळ्यांसमोर फुलझाडे येतात, नाहीतर बाकडी. कुळागरात माडपोफळी असतात, पोफळीवर मिरवेल चढलेली असते, खाली केळी आणि अननस, मधून पाटाचे पाणी खेळवलेले, आणि पाय ठेवताच अंगाला लागणारा गारवा. हे सगळे ज्या एका शब्दात आहे तो काढायचा आणि त्याच्या जागी ज्यात यातले काही नाही तो घालायचा, हे कुठले संपादन? व्हाळ, मळ, सोपो, मांड, मानस हे शब्द तुमच्या आईच्या तोंडचे आहेत. स्टीफन्सच्या मराठीतही इथल्या कोकणीचे शब्द आहेतच, आणि त्यामुळे कोणी त्याला मराठीतून बाहेर काढलेले नाही. गोव्यात या दोन भाषांच्या नावाने बरीच भांडणे झाली. तुमच्या ओवीत त्या एका घरात नांदताहेत, नांदू द्या. पुण्या-सोलापूरच्या वाचकासाठी शेवटी दोन पानांचा शब्दार्थ द्या. बोलायच्या भाषेत, कोशातल्या भाषेत नको.

तुमच्या मुलाचे म्हणणे मी टाकून देत नाही. त्याला आईचे काम लोकांपर्यंत जावे असे वाटते आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण रोज एक ओवी म्हटले तर ३,४०० दिवस लागतील, नऊ वर्षांहून जास्त. आणि तुमची ओवी सुटी उभी राहत नाही, तिला मागची-पुढची लागते; 'चाहूल'वाली ओवी आधीच्या जोत्याच्या ओव्यांशिवाय पाठवली तर अर्धीच पोचेल. त्याला वेगळे काम द्या. प्रत्येक बैठक त्याने फोनवर ध्वनिमुद्रित करावी, आणि आठवड्याला एक प्रकरण कुर्डीच्या माणसांना ऐकायला पाठवावे, मुंबईला असोत की आखातात. हा मार्ग मराठीत चांगला मळलेला आहे. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या १ एप्रिलपासून दर आठवड्याला एक असे वर्षाहून थोडे अधिक काळ ऐकवले गेले, छप्पन्न गीते. लोकांना पुढच्या आठवड्याची वाट पाहायची सवय लागली. आकाशवाणीवरची मालिका संपल्यावर, १९५७ साली, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपात काढले. ऐकणे आधी, पुस्तक मागून.

आता पैसे. दीड लाख हा आकडा मोठा की वाजवी हे मी सांगू शकत नाही, कारण त्यात काय-काय येते हे त्यांनी तुम्हाला सांगितलेले नाही. लिहून मागा: किती प्रती, कुठला कागद, किती फर्मे, अक्षरजुळणी कोणाची, मुद्रितशोधन किती वेळा आणि कोण करणार, तुमच्या हातात किती प्रती, उरलेल्या कोण विकणार आणि त्याचा हिशोब कधी. यातले काही लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याला एक रुपयाही देऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे पैसे कोणी लावत असेल तर तो विनामूल्य मिळतो हे ध्यानात ठेवा. दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो देते, आणि स्वतः छापणारा लेखकही अर्ज करू शकतो.

करारपत्रात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द दिसले तर सही करू नका. पैसे तुमचे आणि हक्क त्यांचे, असे कसे? १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पण लिहिलेली असेल तर लिहिलेली चालते, म्हणून वाचून घ्या. फक्त पहिल्या आवृत्तीपुरता आणि फक्त छापील पुस्तकाचा हक्क द्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमच्याकडे ठेवा, सतरा बैठका तुमच्या आहेत.

आणि हजार प्रती नकोत. दोनशे छापा. आता थोड्या प्रती काढणे जमते, संपल्या की पुन्हा दोनशे. घरात गठ्ठे ठेवू नका, ठेवलेच तर जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब. पुस्तक बांधून आले की सगळ्यात आधी पानांचे आकडे एकापासून शेवटपर्यंत बोट ठेवून मोजा, एका प्रतीत नव्हे, दहा प्रतींत. एवढे माझ्यासाठी करा. कला व संस्कृती संचालनालयाकडे गोमंतकीय लेखकांच्या पुस्तकांसाठी काही साहाय्य मिळते का याची चौकशी छापायच्या आधी करा. छापून झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असू शकतो. गोमंतक मराठी अकादमीतही जाऊन या.

प्रती कुठे जातात याकडेही लक्ष द्या. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन मोठ्या ग्रंथालयांना, त्यांत मुंबईची एशियाटिक सोसायटी आहे, पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. पाठवली का, विचारा. पणजीला पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तुम्ही स्वतः नेऊन द्या. त्या ग्रंथालयाला कृष्णदास शामाचे नाव आहे. वालकिणी आणि वाड्याच्या शाळांत एकेक प्रत द्या. सातही मूळ वह्यांचे पान न् पान मुलाकडून स्कॅन करून घ्या, बैठका सुरू व्हायच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात.

राहिला शेवटाचा प्रश्न, दर मे महिन्यात वाढणाऱ्या ओव्यांचा. लांब काव्याला हे दुखणे असतेच. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायाशी थांबले, पुढचे त्यांच्या शिष्याने, गावबाने लिहिले. रेव्हरंड टिळकांचे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आपल्या बाकीबाब बोरकरांचे गांधीजींवरचे 'महात्मायन' अपुरेच राहिले, आणि ते पुरे करायला कोणी गावबा आला नाही. तुम्ही ६८ वर्षांच्या आहात. मी तुमच्याहून मोठी आहे, म्हणून हे स्पष्ट बोलते: मे ठरवा. कुठलाही एक मे महिना हा काव्याचा शेवटचा. त्याच्यानंतर कुर्डीला जरूर जा, ओव्या आल्या तर जरूर लिहा, पण त्या आठव्या वहीत, आणि आठवी वही या पुस्तकाची नाही. मला विचाराल तर शेवट तुमच्याकडे आधीच आहे. 'चाहूल'वाली ओवी तुम्ही तिसऱ्या वहीत मध्येच कुठेतरी टाकली आहे. आईने घर दाखवून झाल्यावर तुमच्याकडे सांगायला काय उरते, ते एकदा पाहा.

मे महिन्यात पाणी उतरले की कुर्डीची माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात, ख्रिस्ती मंडळीही आपल्या कपेलाच्या फेस्ताला येतात. त्या दिवशी, ऊन चढायच्या आधी, सतराव्या प्रकरणाचा शेवटचा भाग तिथे वाचा. आईच्या जोत्यावर उभ्या राहून वाचा. पंधरा मिनिटांहून जास्त नको, सावली नाही.

बैठकांची तारीख ठरली की मला कळवा. रविवार असेल तर मी मडगावहून सकाळच्या बसने सांग्याला उतरेन, तिथून कोणाला तरी न्यायला पाठवा. तिसरी वही त्या दिवशी वाचायला ठेवा. त्या ओवीच्या आधीच्या ओव्या मला तुमच्या तोंडून ऐकायच्या आहेत.